सत्काराचा सफारी

नंदूशेठच्या मोकाट कुत्र्यानं मुनीरचाचाची पोटरी फाडली तेव्हा शेठ दात कोरत म्हणाले, "टायगर चावत नाही चाचा, लाड करते." त्या लाडापायी पाच इंजेक्शनं टोचली, महिनाभर शिलाई मशीनवरचा पाय बंद पडला अन् दिग्रसची अर्धी लग्नसराई समोरच्या टेलरकडे गेली. पुढे हेच शेठ गावच्या श्वान नियंत्रण समितीचे अध्यक्ष झाले. सत्कारासाठी सफारी शिवायला चाचाकडेच आले. चाचानं लंगडत माप घेतलं, पॅन्टच्या मागच्या अस्तरात बोकडाची चरबी चोळली आणि वरून भरपूर अत्तर शिंपडलं. सत्काराच्या दिवशी शेठ माइकसमोर "कुत्र्यांना शिस्त लावू" म्हणतात न म्हणतात तोच टायगर मंचावर चढला आणि थेट बुडाला लोंबकळला. "चाचा, सोडवा ना बाप्पा!" शेठ माइकवरच किंचाळले. पहिल्या रांगेतला चाचा हलला नाही. "भेऊ नका शेठ, लाड करून राह्यला."