उकळलेली नळी

"तुझी नळी दे, उकळून घेतो," सर म्हणाले आणि संघमित्राच्या लाळेची परीक्षानळी त्यांनी चिमट्यानं स्पिरिटच्या दिव्यावर धरली. बाकी कुणाची त्यांनी उकळली नव्हती. गावकुसाबाहेरून दहावीच्या वर्गात ती एकटीच येत होती.

मग सगळ्यांनी आपापल्या लाळेत भाताची पेज मिसळली. दहा मिनिटांनी आयोडीन टाकलं, तर कुणाचीच नळी निळी झाली नाही. पेजेतलं पिष्ट लाळेनं पचवून टाकलं होतं. संघमित्राची तेवढी निळीशार झाली.

"बघा, हिच्या थुंकीत दमच नाही," सर म्हणाले. वर्ग फिदीफिदी हसला.

ती उभी राहिली. "सर, उकळल्यावर लाळेतलं विकर मरतं. पुस्तकात आहे."

"म्हणूनच तर उकळली," सर म्हणाले आणि चिमट्यानंच त्यांनी ती नळी कचऱ्यात टाकली.