नानीबाईची कळ

औंढ्याच्या चौकात उभी असलेली ॲम्ब्युलन्स भर दुपारी आरवली. टपरीवरची माणसं अजूनही दचकायची. ड्रायव्हर दिपकनं मोबाईलला कोंबड्याची रिंगटोन लावली होती. त्यानं नाव बघितलं, फोन कापला आणि खिशात टाकला.

थोड्याच वेळात गाडीवर कॉल आला. तांड्यावर नानीबाई, छातीत कळ.

"पुन्हा?" डॉक्टर आकांक्षा वैतागली. आधी गुडघा, मग चक्कर, परवा तर नुसतंच 'कसंतरी'.

"म्हातारीला काही झालेलं न्हाई, मॅडम. नाटकं हायत नुसती," असं म्हणून दिपकनं गाडी अशी हाणली की आकांक्षानं दोन्ही हातांनी कडी धरली. एरवी हा माणूस गतिरोधकाला हात जोडून जाणारा.

तांड्यात त्यानं गाडी थेट दारात लावली. "तुमी जा आत. मी गाडी वळवून ठेवतो," तो म्हणाला. हे त्याचं दर वेळचंच होतं.

नानीबाई बाजेवर आडवी होती. चुलीवर चहा उकळत होता आणि शेजारी तीन कप धुऊन मांडले होते.

"छातीत कळ असताना चहा कुणी टाकला, आजी?"

"कळ यायच्या आधी टाकला, डाक्टरीणबाई. डायवरला बी बोलवा की. उन्हात बसून राहिलंय लेकरू."

"तो येत नाही. हात द्या इकडं."

रक्तदाब तरण्याताठ्या पोरीचा असावा तसा निघाला. आकांक्षाचं डोकंच फिरलं. "आता मी वर लेखी कळवते. उद्या तुम्हाला खरंच दुखलं आणि गाडी आलीच नाही, तर काय कराल?"

म्हातारीचा चेहरा उतरला. "असं नका करू, बाई. दवा-गोळी नका देऊ, पन गाडी तेवढी येऊ द्या."

आकांक्षाला एकदम वाईट वाटलं. घरात ही आणि खुंट्याला एक शेळी, तिसरं कुणी नाही. तिनं आवाज उतरवला. "मूलबाळ?"

"एक पोरगं हाय. हिंगोलीला घर केलंय त्यानं. मला बी चल म्हनला. म्या म्हनलं, शेळी कुनाच्या भरोशावर सोडू? तवापासून रुसलाय. घरात पाऊल न्हाई टाकलं."

"आणि फोन?"

"एक दाबला की बराबर लागतो. उचलत न्हाई."

आता सगळा राग त्या पोराकडे वळला. शेळीवरून आईशी अबोला धरतो म्हणजे काय! आकांक्षानं उशाशी पडलेला साधा फोन उचलला. "माझ्यासमोर बोलू दे त्याला. चांगला झापते."

"नगं बाई, ड्युटीवर असल त्यो."

"असू दे." तिनं एक दाबला.

शेळीनं कान टवकारले, आणि दारातली ॲम्ब्युलन्स आरवली.