तीन किलोंचा माल

एकोणीसशे शहाऐंशी साली, भर दुपारी, सुनेने भाताची वाटी ताटाबाहेर काढून ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "आता बास. माल भरला."

सासूबाईंनी मान डोलावली. नवऱ्याचा घास हातातच राहिला. सुनेला पाचवा महिना चालू होता.

घर वजनकाट्याचं होतं. हमरस्त्याला लागून जमिनीत बसवलेला लोखंडी काटा, शेजारी काचेची केबिन, मागे दोन खोल्या. ट्रक रिकामा येई, त्याचं वजन होई. भरून येई, पुन्हा होई. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की उरला तो माल. सासरे गेल्यापासून केबिनमध्ये सासूबाई बसत आणि तिथे दुसऱ्या कुणाला पाऊल टाकू देत नसत. ड्रायव्हर त्यांना मावशी म्हणत आणि टरकून असत. त्यांचा सख्खा भाऊ वाळूचा धंदा करी. त्यालासुद्धा त्यांनी एक किलो इकडचा तिकडे करून दिला नव्हता. तेव्हापासून त्याने बहिणीचं तोंड पाहिलं नव्हतं.

सून लग्न होऊन आली तेव्हा चांगली गोलमटोल होती. एका ड्रायव्हरने तिचं नाव दहाचाकी ठेवलं. तिने ते एकदाच ऐकलं, पण कायमचं ऐकलं. पुढे दिवस राहीनात तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन थोडं उतरव. ती हट्टाला पेटली. दोन वर्षं उकडलेल्या भाज्या आणि काकडी खाऊन तिने स्वतःला निम्मी केली, आणि मग दिवस राहिले.

ते कळलं त्याच संध्याकाळी घरात हिशेब झाला. मूल किती किलोचं असतं? तीन. म्हणजे वजन तीन किलो वाढायचं. त्यावर जे चढेल ती जुनी दहाचाकीच परत येणार. या हिशेबात कुणालाही खोट दिसली नाही. पोती मोजायच्या छोट्या काट्यावर ती रोज उभी राहू लागली, आणि पाचव्या महिन्यातच तीन किलो भरले.

"अगं, पण भूक लागत असेल ना?" नवऱ्याने विचारलं.

"लागते. ती माझी असते. बाळाचं भरलंय."

"तुझी कुठली आणि त्याची कुठली, हे कसं कळतं तुला?"

"तुम्ही जेवा हो."

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी पोटावर टेप लावली. पुन्हा लावली. "बाळ वाढत नाहीये," त्या म्हणाल्या. "खातेस काय तू?"

तिने सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वजन उतरवायचं प्रकरण आता संपलं. दोघांचं खा, असंही मी म्हणत नाही. पण पोटभर जेव, वर दूध, अंडं, केळं घे. दहा-अकरा किलो तरी वाढायला हवेत."

"अकरा किलोचं मूल?" सून पांढरी पडली.

सासूबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या. "तीन मुलाचे. बाकीचे आठ कुठे गेले, तेवढं सांगा." आवाज असा, की डॉक्टरीणबाईंनीच ते वाटेत उतरवून विकले असावेत.

डॉक्टरीणबाईंनी सगळं सांगितलं. पोटातलं पाणी, वार, वाढलेलं रक्त, मोठी झालेली पिशवी, पुढे दूध यावं म्हणून अंगावर साठलेलं थोडंफार. सासूबाईंनी बोटांवर मोजलं. हिशेब जुळला.

सुनेलाही पटलं होतं. पटलं, पण घास उतरेना. ताटापाशी बसली की हात आपोआप थांबे. नवऱ्याने विनवण्या केल्या, रागावूनही पाहिलं.

"अहो, मला कळत का नाही?" ती रडत म्हणाली. "पण गिळला की तो अंगावर चढताना जाणवतो मला. मी काय करू?"

सासूबाईंनी ते दारातून ऐकलं. "खुर्ची आण," त्या मुलाला म्हणाल्या. "मोठ्या काट्यावर ठेव. आणि हिचं ताट तिथे वाढ."

रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती. काट्याच्या मधोमध, जिथे वाळूचे ट्रक उभे राहत, तिथे सुनेला खुर्चीत बसवलं. मांडीवर भात, डाळ आणि उकडलेली अंडी.

"खा," सासूबाई केबिनच्या खिडकीतून म्हणाल्या. "चढलं तर मी सांगते."

तिने एक घास घेतला.

"हलला नाही काटा."

दुसरा घेतला.

"नाही हलला. खा."

मागून हॉर्न वाजला. "मावशी, आमचा नंबर कधी?"

"सून जेवतेय. डोळे फुटलेत का?"

ड्रायव्हर खाली उतरून कडेने उभे राहिले. भात संपला, काटा हलला नाही. अंडं संपलं, काटा जागचा हलला नाही. मग ज्याने तिचं ते नाव ठेवलं होतं, त्याच ड्रायव्हरने आपल्या गाडीतून दोन केळी आणली आणि मान खाली घालून तिच्या ताटात ठेवली. "एवढी पण मोजा मावशी."

"नाही हलला."

मावशींचा काटा खोटं बोलत नाही, हे साऱ्या रस्त्याला ठाऊक होतं. सुनेने आणखी भात मागितला. नववा महिना सरेपर्यंत रोज दुपारी तिचं ताट तिथेच वाढलं गेलं, आणि ट्रक थांबून राहिले.

मुलगी झाली. धडधाकट, तिन्ही किलो भरलेली. आता ती पूल बांधते. डॉक्टरीणबाई लेकाकडे राहायला गेल्या. केळीवाल्या ड्रायव्हरने म्हातारपणी फळांचं दुकान टाकलं. सुनेचं उरलेलं संपवता संपवता नवऱ्याचं पोट सुटलं, ते काही आत गेलं नाही. सासूबाई खूप जगल्या, आणि त्या गेल्यावर केबिनमधली खुर्ची सुनेकडे आली.

पहिल्या दिवशी नवऱ्याने, वडिलांच्या हाताखाली शिकला होता तसा, तिला काटा शिकवला. गाडी चढताना धक्का बसू नये म्हणून हा दांडा दाबून धरायचा. दांडा दाबलेला असेल तोवर काटा हलत नाही, वर कितीही वजन असो.

ती दांड्याकडे बघत राहिली. मग नवऱ्याकडे.

"मला पहिल्याच दिवशी काचेतून दिसलं होतं," तो म्हणाला. "रोज तुझं जेवण होईपर्यंत आई तो दाबून धरायची."