बदकाखालची पट्टी

पेट्रोलचा वास. लेकीचं केशरी लाइफजॅकेट. बोटीच्या मागच्या फळीवर बदकाचं स्टिकर. "पंचवीस हॉर्सपॉवरचं इंजिन छोट्या बोटीला भारी पडेल, मागून पाणी शिरेल," मेकॅनिक म्हणाला. "किती चालतं, त्याची पट्टी बोटीवर असते. दिसत नाही कुठे." "गळून पडली असेल," नवरा म्हणाला. "शेजाऱ्याची बोट वीस हॉर्सपॉवरवर पळते, आम्ही काय वल्ही मारायची?" बायकोनं वाकून स्टिकर नखानं सोललं. खाली पट्टी होतीच: कमाल दहा हॉर्सपॉवर. "अगं, मीच झाकली ती, नाहीतर हा इंजिन बसवून देणार नाही," तो कुजबुजला. "पोरीला घेऊन सुट्टीचे आठ दिवस यातच फिरायचं?" तिनं विचारलं. "जॅकेट आहे की तिला." तो हसत म्हणाला. लेकीला बोटीतून उचलून ती धक्क्यावरून चालू लागली. बोटाला चिकटलेलं बदक झटकूनही सुटेना. ते लेकीनं बाबाला वाढदिवशी बोट सजवायला दिलं होतं.