वर्णपटातला खड्डा

चहावर साय धरली होती. धाकट्या बहिणीचा फोन तिनं दोनदा कापला होता. दूरच्या एका आकाशगंगेतल्या कृष्णविवराचा क्ष-किरण वर्णपट सतराव्यांदाही गणिताशी जुळत नव्हता.

संगणकाच्या पडद्यावर गणिताची रेषा सरळ जायची आणि मोजलेले ठिपके मध्येच खड्ड्यात उतरायचे, जणू किरणांच्या वाटेत काहीतरी आडवं उभं होतं. हे जुळल्याशिवाय सर प्रबंधावर सही करणार नव्हते आणि मुदत आज संपत होती.

“ऊठ, मी बघतो,” म्हणत सर तिच्या खुर्चीत बसले. त्यांनी तीच फाईल उघडली, तेच बटण दाबलं. खड्डा नव्हता.

“तुझा पायगुणच वाईट दिसतोय, बाई!” सर हसले.

ती चिडून पुन्हा बसली आणि बटण दाबलं. खड्डा परत आला, आधीपेक्षा खोल.

“मी काहीच बदललं नाही हो, सर!”

सर आता हसत नव्हते. “जरा ऊठ बघू.”

ती उठली, तसे ठिपके रेषेवर आले. ती खुर्चीच्या कडेला नुसती टेकली, तसे ते खाली गेले. बटणाला कुणी हातही लावला नव्हता.

सरांनी सहीसाठी काढलेल्या पेनाला टोपण लावलं.

त्या कृष्णविवराजवळून ते किरण निघाले, तेव्हा पृथ्वीवर माणूस जन्मायचा होता.