ओळख न पटलेला साप

दुपारी ड्यूटी संपवून घरी आलेल्या नर्सला मागच्या दारी नळाजवळ साप दिसला. राखाडी, मनगटाएवढा जाड, अंगावर पांढरे बारीक ठिपके. असला साप तिनं कधी पाहिला नव्हता. पायरीवर बसलेल्या आईला तिनं हाताला धरून आत नेलं आणि सर्पमित्राला फोन लावला.

आईला दोन वर्षं माणसं ओळखू येत नव्हती. पोटची मुलगीही तिला परकीच वाटायची.

सर्पमित्रानं आकडीवर साप हलकेच उचलला. डोकं पाहिलं, खवले पाहिले, मोबाइलमधले फोटो चाळले.

"धामण नाही, मण्यार तर नाहीच. वीस वर्षं साप धरतोय ताई, पण हा कुठला ते नाही सांगता येत."

तेवढ्यात आई भिंतीला धरत बाहेर आली आणि पायरीवर बसली. सापाकडे बघताच तिचा चेहरा उजळला.

"किती वाळलीस गं! चिमे, ये."

चिमी हे नर्सचं लहानपणचं नाव. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आले गं आई," म्हणत ती पुढे झाली.

साप आकडीवरून सुळकन उतरला. सर्पमित्राचा पुढे केलेला हात तसाच राहिला. साप सावकाश पायरी चढला आणि त्यानं आईच्या मांडीवर डोकं टेकलं.

आई त्याला थोपटत राहिली. मग मुलीकडे वळून मऊपणानं म्हणाली, "बाई, माझी लेक उन्हातून आलीय. तिला जरा पाणी आणता का?"

मुलगी पाणी आणायला आत गेली.