खुर्चीचा पाय

"अजून तीन तास तरी लागतील," एवढं सांगून सिस्टर आत गेली आणि सुतार पुन्हा बाकावर बसला.

आत त्याची अकरा वर्षांची मुलगी होती. तिच्या पाठीतला एक मणका जन्मापासून अर्धाच घडलेला, त्यामुळे वाढत्या वयाबरोबर पाठ एका बाजूला कलत चाललेली. आज ती सरळ करायची होती. पायांतली ताकद जाऊ शकते, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगून सही घेतली होती. तेव्हापासून सुताराचा जीव टांगणीला लागला होता. बायको खालच्या मजल्यावर बसली होती. ते दार माझ्याच्यानं बघवत नाही, म्हणाली होती.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी सकाळपासून मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिनं पाण्याची बाटली पुढे केली.

"घ्या. सकाळपासून घोटभर घेतलं नाहीत. पोरीला उद्या बाप लागणार आहे."

पाणी पोटात गेलं तसं सुताराला बोलावंसं वाटलं.

"चूक माझीच आहे, काकू. पोरगी अभ्यासाला बसली की तिरकी दिसायची. मला वाटलं, खुर्ची डुगडुगतेय. एक पाय तासला. तरी तिरकीच. मग दुसरा तासला. वर्षभर तासत होतो. खुर्चीचा पाट व्हायची वेळ आली, तेव्हा बायको म्हणाली, अहो, खुर्ची सोडा, पोरीकडे बघा."

म्हातारीला हसू आवरेना. "मी दप्तराला बोल लावत होते. दोन वर्षं या खांद्यावरचं त्या खांद्यावर करायला लावलं त्याला."

"म्हणजे तुमचाही मुलगा..."

"त्याचे दोन मणके जन्मापासून एकमेकांना चिकटलेले."

"आणि तोही आतच आहे?"

"साडेसातला गेला. तुमची पोरगी गेली तेव्हाच."

आत दोन ऑपरेशन थिएटरं आहेत, हे सुताराला ठाऊक होतं. त्यानं हळूच वय विचारलं.

"बेचाळीस."

सुताराच्या डोळ्यांसमोर पोरगी आली. बेचाळिशीतही सुटका नाही! "किती ऑपरेशनं झाली?"

"मोजायचं सोडलंय मी. मोठं असलं की मात्र येऊन बसते. तो चिडतो, घरी थांब म्हणतो. घरी कशात लक्ष लागतं का?"

सुताराला स्वतःची लाज वाटली. आपण एका दिवसात गळून गेलो आणि ही बाई वर्षानुवर्षं या बाकावर बसते आहे, वर आपल्यालाच पाणी पाजते आहे. त्यानं मनोमन तिचे आभार मानले. मग सिस्टरचे मानले, लिफ्टवाल्याचे मानले, सकाळी पोरीला हसवणाऱ्या वॉर्डबॉयचेही मानले. बायकोचे तर मानायलाच हवे होते. समोर आले असते तर डॉक्टरांचे पाय धरले असते.

दोन वाजता सिस्टर बाहेर आली. "मुलगी ठीक आहे. काम नीट चाललंय."

"आणि माझा?" म्हातारीनं विचारलं.

"तेही ठीक आहेत, काकू. तुम्ही काही खाऊन घ्या बघू."

तिनं काही खाल्लं नाही.

साडेतीनला दार उघडलं. डॉक्टर भिंतीला हात टेकत बाहेर आले. त्यांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला. सुतार उठला.

"शुद्धीवर आलीय. दोन्ही पायांची बोटं हलवून दाखवली तिनं. पाठ छान सरळ झालीय."

सुतार लहान मुलासारखा रडला. डॉक्टरांचे हात त्यानं कपाळाला लावले. काय बोलतोय हे त्याचं त्यालाही कळत नव्हतं. आणि मग एकदम त्याला अपराधी वाटलं. शेजारी जिचा मुलगा अजून आत आहे, तिच्यासमोर आपण हा आनंद करतो आहोत.

"डॉक्टर," तो डोळे पुसत म्हणाला, "या काकूंच्या मुलाचं तेवढं सांगा. सकाळपासून बसल्यात."

डॉक्टर बाकावर म्हातारीकडे पाठ करून बसले आणि म्हणाले, "आई, जरा दाबून दे गं. आठ तास उभा होतो."